सही खोटी आहे, हे बाबांना सांगू का?

प्रश्न : ठाण्यात चरईत राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. पुढच्या महिन्यात, अक्षय तृतीयेनंतरच्या रविवारी, त्यांच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. पासष्टच्या युद्धात विशीत असताना त्यांना विमानांचं वेड लागलं, आणि पुढे वैमानिकांची पुस्तकं, त्यातही लेखकाची सही असलेली, जमवायचा नाद जडला. आज एक लोखंडी कपाट भरून पुस्तकं, काही फोटो आणि बिल्ले आहेत. शिवाय बिस्किटांच्या एका डब्यात ‘निवृत्त वैमानिकांची पत्रंबित्रं’ आहेत. मानाचं पुस्तक म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश वैमानिक गाय गिब्सन याचं ‘एनिमी कोस्ट अहेड’, खुद्द गिब्सनच्या सहीचं. ते १९७८ साली फाउंटनच्या फुटपाथवर दीडशे रुपयांना घेतलं होतं. त्यापायी नंबर लागलेला असूनही घरचं गॅसचं कनेक्शन लांबलं, आणि आई शेवटपर्यंत ते ऐकवत होती. कार्यक्रमात हॉलच्या दाराशी टेबल मांडून संग्रह ठेवायचा आणि हे पुस्तक बाबांनी चौदा वर्षांच्या नातवाच्या हाती द्यायचं, असं ठरलंय. टेबलावरच्या पाट्या लिहायला ताई बसल्या आणि लक्षात आलं, की गिब्सन गेला १९४४ मध्ये आणि पुस्तक निघालं १९४६ मध्ये. पुण्याच्या भावाने तोवर सगळ्याचे फोटो एका विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर पाठवून भावही विचारलाय. बाबांना सांगून या वयात त्यांचं मन मोडायचं, की गप्प बसून मुलाच्या हातात खोटी वस्तू जाऊ द्यायची? आणि एक सही अशी निघाली, तर बाकीच्यांचं काय?

उत्तर :

ताई, तारखा तुम्ही बरोबर लावल्यात. गिब्सन १९ सप्टेंबर १९४४ च्या रात्री हॉलंडमध्ये स्टीनबर्गनला मॉस्किटो विमान कोसळून गेला. सव्वीस वर्षांचा होता. हस्तलिखित मागे राहिलं आणि त्याचं पुस्तक १९४६ मध्ये लंडनला निघालं. दुकानात आलेली एकही प्रत त्याने हातात धरलेली नाही. ते त्याच्या सहीसकट समोर आलं, की जाणकाराच्या भुवया वर जाणारच.

तरीही ‘खोटी’ हा शब्द तुम्ही जरा घाईने वापरलात. एवढ्या मोठ्या पत्रात ती सही नक्की कुठे आहे, हे कुठेच लिहिलेलं नाही. शीर्षकपानावर थेट आहे, की एखादा कपटा चिकटवलाय त्यावर? मे १९४३ मध्ये जर्मनीची धरणं फोडल्यावर गिब्सन रातोरात प्रसिद्ध झाला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मग सरकारने त्याला कॅनडा-अमेरिकेच्या दौऱ्यावर धाडलं. त्या काळात त्याने लोकांच्या वह्यांवर भरपूर सह्या केल्या. पुढे एखाद्याने वहीतली सही कापून पुस्तकात डकवली असेल, तर सही खरी आणि पुस्तकही खरं. दोघांची गाठ मागाहून कोणी तरी घालून दिलेली, इतकंच.

दुसरं, ती सही गिब्सनचीच आहे, हे कोणी सांगितलं? फुटपाथवरच्या विकणाऱ्याने. त्याने गिब्सन म्हटलं, म्हणून घरात सगळे पन्नास वर्षं गिब्सन वाचतायत. धरणांवरच्या त्या मोहिमेत १९ लँकेस्टर विमानांतून १३३ जण गेले होते आणि त्यातले ५३ मेले. जे उरले त्यांतल्या काहींनी पुढे वाचकांना सह्या दिल्या. त्यांतला शेवटचा माणूस, जॉनी जॉन्सन, अगदी २०२२ च्या डिसेंबरपर्यंत होता. दुसऱ्या कुणा हवाई सैनिकाची सही असू शकेल, किंवा पुस्तकाच्या आधीच्या मालकाने नुसतं आपलं नाव घातलेलं असेल. कोरी नजर करून एकेक अक्षर वाचा. पहिलं अक्षर ‘जी’ आहे का, इथपासून सुरुवात करा.

तिसरी शक्यता छापील सहीची, आणि त्या खड्ड्यात मी स्वतः पडलेय. कॉलेजात असताना एका कवीचा संग्रह ‘सहीची प्रत’ म्हणून मी चढ्या भावाने घेतला आणि दोन वर्षं मिरवला. मग एका मैत्रिणीच्या घरी तेच पुस्तक उघडलं, तर तीच सही, त्याच जागी, शेवटचा फराटासुद्धा तसाच. प्रकाशकाने सगळ्याच प्रतींत छापली होती! त्या दिवशी तिच्या घरचे पोहे काही गोड लागले नाहीत.

तर बाबांच्या आधी पुस्तकाला विचारून घ्या. दुपारी खिडकीशी बसा, हात कोरडे ठेवा आणि भिंगातून बघा. छापील सहीत रेघ सगळीकडे सारख्या दाटपणाची दिसते किंवा बारीक ठिपक्यांची बनलेली असते. टाकाच्या सहीत वळणावर शाई साचते, उचलताना पातळ होते. मग टॉर्च पानाला जवळजवळ टेकवून आडवा धरा, म्हणजे कागदावर उमटलेला दाब दिसतो. गिरवून काढलेली सही हळू चालते, अडखळते, नको तिथे थांबून परत सुरू होते. रोजची सही करणारा माणूस असा थांबत नाही. जुना कागद पिवळा पडून भुसभुशीत झाल्यावर त्यावर कोणी नवी शाई चालवली, तर ती टीपकागदासारखी कडेने फुटते. शाई एखाद्या जुन्या घडीत उतरलीय का, तेही बघा. घडी पडल्यावर सही झाली असेल, तरच ती तशी उतरते.

आणखी एक स्वस्तातला उपाय आहे. नोटा तपासायला वापरतात तो जांभळ्या उजेडाचा टॉर्च आणा आणि खोलीत अंधार करून पानावर धरा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात जी रसायनं घालतात, ती साधारण १९५० नंतर सर्रास आली. त्या उजेडात ती निळसर चमकतात. सेहेचाळीसचं पान मंद, मळकटच दिसायला हवं. सहीचं पान किंवा डकवलेला कपटा ट्यूबलाइटसारखा चमकला, तर त्याचं वय कळलं म्हणून समजा.

समजा या सगळ्यातून सही बनावट निघाली. तुम्ही लिहिता, “बाबांना कळलं तर ते कोसळतील.”

ताई, साठ वर्षं हा माणूस हीच पुस्तकं वाचतोय. तुम्हीच लिहिलंय, की २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा ते टीव्हीवरच्या निवेदकाच्या चुका नातवाला काढून दाखवत होते. त्या माणसाला गिब्सन कधी मेला, हे ठाऊक नसेल? पुस्तक कोणत्या साली निघालं, ते तर त्याच्याच पोटात छापलेलं असतं. जे तुमच्या एका दुपारीत लक्षात आलं, ते त्यांच्या इतक्या वर्षांत आलं नसेल, हे मला पटत नाही. मला उलटंच वाटतं. घेतल्यावर वर्षा-दोन वर्षांतच त्यांना कळलं असावं. पण ज्या पुस्तकापायी घरात स्टोव्हची भरभर चालू राहिली, ते फसवणुकीचं निघालं, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून गप्प बसले असतील. मग मुलं मोठी झाली, पाहुण्यांसमोर “बाबांचं ते सहीचं पुस्तक” आणा म्हणू लागली, आणि गप्प बसण्याची सवय होऊन गेली. हा माझा अंदाज आहे, चुकेलही. पण सांगायला जाल तेव्हा ते अजाण आहेत, असं धरून जाऊ नका.

ते पुस्तक नातवाच्या हाती द्यायची कल्पना मुळात कोणाची? पत्रात ‘ठरलं’ एवढंच आहे. भावंडांनी ठरवलं आणि बाबांनी मान डोलावली, असं असेल, तर ती मान डोलावताना त्यांचा चेहरा कसा होता, ते जरा आठवून बघा.

बोलायचं ते घरात गर्दी नसताना बोला. भाऊ फोनवर नको, मुलगा समोर नको. ते कपाट उघडून बसले असतील, तेव्हा पाट्यांचा कागद घेऊन शेजारी बसा आणि विचारा, “बाबा, याच्या पाटीवर काय लिहू? पुस्तक सेहेचाळीसचं आहे.” एवढं बोलून थांबा. पुढचं भाषण तयार केलं असेल, तर ते राहू द्या. त्यांना ठाऊक असेल, तर त्यांना हवा तो दरवाजा तुम्ही उघडलाय. बहुतेक ते हसतील आणि तुम्हाला १९७८ ची ती संध्याकाळ पहिल्यांदा खरीखरी ऐकायला मिळेल.

त्यांना खरंच ठाऊक नसेल, तर वाईट वाटेल. वाटू द्या. दोन दिवस जेवण कमी जाईल, चिडचिड होईल. पण कार्यक्रमाच्या दिवशी भर हॉलमध्ये एखाद्या निवृत्त ग्रुप कॅप्टनने टेबलाशी उभं राहून तारखांचा हिशेब मांडला, तर त्यापेक्षा हे पुष्कळ बरं. ठाण्यात कोलशेतला हवाई दलाचा तळ आहे, तिथली माणसं शहरात राहतात आणि पुस्तकंही वाचतात.

आणि ते हटून बसले, “लिही, गिब्सनची सही!” म्हणाले, तर? वाद घालू नका. पाटीवर ‘गाय गिब्सनचं पुस्तक, १९७८ साली फाउंटनवर घेतलेलं’ एवढंच लिहा. यात खोटं काही नाही. आपल्या घरात, आपल्या खुर्चीत बसून त्यांनी काय मानावं, हा त्यांचा प्रश्न. मात्र वस्तू पैशाने विकली जाणार असेल, कुठल्या संस्थेत जाणार असेल किंवा पुढच्या पिढीकडे मोलाची म्हणून सोपवली जाणार असेल, तर तिथे खरं काय ते सोबत गेलंच पाहिजे. तुमचा मुलगा चौदा वर्षांचा आहे. गिब्सनची तारीख शोधायला त्याला तुमच्यापेक्षा कमी वेळ लागेल.

आता बाकीचं कपाट. एक नाणं खोटं निघालं म्हणून गल्ला फेकत नाहीत, पण प्रत्येक सही वेगळी तपासावी लागते. पहिली परीक्षा तुम्ही न शिकवता केलीत, ती दोन तारखा शेजारी ठेवण्याची. दोन्ही पाय गमावलेल्या ब्रिटिश वैमानिक डग्लस बेडरवरचं ‘रीच फॉर द स्काय’ १९५४ चं, लिहिलेलं पॉल ब्रिकहिलने, आणि बेडर १९८२ पर्यंत होता. त्यात बेडरची सही असणं अगदी शक्य आहे. जर्मन वैमानिक अडॉल्फ गॅलंड १९९६ पर्यंत होता. दोघांनीही भरपूर सह्या केल्या, म्हणून त्या सह्या खऱ्या असण्याचा संभव जास्त आणि किंमत लोक समजतात त्याहून कमी. (बेडरचा धातूचा कृत्रिम पाय विमानातून उडी मारताना आतच अडकून गेला आणि तो जर्मनांच्या कैदेत असताना ब्रिटिशांनी वरून नवा टाकला, हा किस्सा बाबांनी सांगितला असेलच. नसेल तर विचारा.) रिचर्ड हिलरीचं मात्र उलटं. त्याचं ‘द लास्ट एनिमी’ १९४२ मध्ये लंडनला निघालं आणि तो ८ जानेवारी १९४३ ला विमान कोसळून गेला. हाताशी जेमतेम काही महिने होते. असं पुस्तक सहीसकट स्वस्तात मिळत असेल, तर आधी संशय घ्यावा. लेखणीही पाहावी. बॉलपेन सर्वसामान्यांच्या खिशात आलं ते १९४५ नंतर, तेव्हा बॉलपेनने ‘१९४०’ लिहिलेलं दिसलं, की पुढे बघायची गरज नाही.

नेरूळच्या एका वाचकांनी मागे विचारलं होतं, की ऑनलाइन घेतलेल्या सहीबरोबर प्रमाणपत्र आलंय, ते पुरे का? विकणाऱ्याने स्वतःच छापलेलं प्रमाणपत्र म्हणजे त्याचाच शब्द जाड कागदावर. ‘खोटं निघालं तर पैसे परत’ असं तो मुदत घालून लेखी देतो का, ते बघावं. ती वस्तू त्याच्याकडे कोणाकडून आली, हेही विचारावं. बिल्ल्यांच्या नकला इतक्या निघाल्यात, की त्यांवर मी वेळ घालवणार नाही. फक्त त्यांत एखादं जिवंत काडतूस ‘आठवण’ म्हणून पडलेलं असेल, तर ते टेबलावर मांडू नका. परवान्याशिवाय ते घरात ठेवणंही गुन्हा आहे. वकिलाला विचारून पोलीस ठाण्यात जमा करा.

आणि मला सगळ्यात जास्त ज्याने अडवलं, तो बिस्किटांचा डबा. ‘पत्रंबित्रं’ म्हणून तुम्ही एका शब्दात पुढे गेलात! ताई, वागळे इस्टेटमधला एक कामगार निवृत्त वैमानिकांना पत्रं लिहितो आणि ते उत्तरं देतात. आंतर्देशीय पत्रावर पाठवणाऱ्याचं नाव, बाबांचा पत्ता, टपालाचा शिक्का, तारीख, सगळं एकाच कागदावर असतं. सहीच्या खरेपणाला यापेक्षा चांगला पुरावा कुठला? फाउंटनवर घेतलेल्या पुस्तकाला असा एकही साक्षीदार नाही.

शिवाय ती माणसं आता राहिलेली नाहीत. इंफाळच्या लढाईत स्क्वाड्रन नेणारे अर्जन सिंग २०१७ मध्ये गेले. पासष्टच्या युद्धातले डेन्झिल कीलर २०२४ मध्ये. रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीतून १२-१३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री दोन साथीदारांसह भिंत फोडून निसटलेले आणि अफगाण सरहद्दीलगतच्या लंडी कोतलजवळ पुन्हा पकडले गेलेले आपले दिलीप परुळकर २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. बाबांच्या डब्यात कोणाची पत्रं आहेत, मला माहीत नाही, तुम्हालाही नसावं. बाबांना एकेक पत्र हातात द्या आणि मोबाइलवर त्यांचा आवाज रेकॉर्ड करा. या माणसाला तुम्ही काय विचारलं होतं? पत्ता कुठून मिळवला? तुमच्या पत्राचा कार्बन ठेवलाय का? तीस-चाळीस पत्रं असतील तर दोन आठवडे पुरतील, आणि नातवालाही या कामाला बसवता येईल. पत्रांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवू नका. कागद बाबांच्या मालकीचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे साठ वर्षं वारसांचा असतो. त्यात घरचे पत्ते, दुखणीखुपणी असतात, ती वेगळीच. टेबलावर पत्त्याची बाजू झाकून एखाद-दुसरं ठेवलं तरी पुरे.

भावाला आजच फोन करा. विक्रेत्याला गेलेल्या फोटोंत ‘गिब्सनची सही’ असं लिहिलं असेल, तर ‘ही सही खात्रीची नाही’ अशी एक ओळ पाठवायला सांगा. पुढे कटकट नको. आणि ‘सगळं मिळून’ भाव कधी घेऊ नये. विकणारा त्यातल्या ज्या चार वस्तू चालतील त्यांचा हिशेब करतो, बाकीचं त्याला फुकट पडतं. मुळात बाबांना विकायचंय का, हे कोणी विचारलेलं दिसत नाही. द्यायचं असेल तर दिल्लीला पालमला हवाई दलाचं संग्रहालय आहे, युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आहे. मराठी पुस्तकांसाठी १८९३ पासूनचं आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे. आधी यादी पाठवून काय घ्याल ते विचारावं. परस्पर गोणी नेऊन टाकल्या, तर कुठलीही संस्था संकोचाने ठेवून घेते आणि त्या गोणी तशाच पडून राहतात.

कार्यक्रमानंतर महिन्या-दीड महिन्यात पाऊस येईल. कपाट पावसाळी भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि खालच्या कप्प्यात पुस्तकं ठेवू नका. सिलिका जेलच्या पुड्या घाला आणि महिन्याने बदला. उघडीप पडली की दारं तासभर उघडी ठेवा. सेलोटेप आणि लॅमिनेशन यांना घरात बंदी. डांबरगोळ्या पुस्तकांना टेकून नकोत. डब्याला आतून गंज असेल, तर पत्रं आजच काढून साध्या कागदी पाकिटांत घाला.

राहता राहिला हॉल. टेबल दाराशी नको. तिथे गुलाबपाणी शिंपडतात, अत्तर लावतात, आणि पेढा घेतलेला प्रत्येक जण त्याच हाताने पुस्तक उघडतो. औक्षणाची निरांजनं जिथे लागतील, तिथूनही ते दूर मांडा, आणि मुलाला टेबलाशी उभं करा. गिब्सनचं पुस्तक टेबलावर नको, बाबांच्या खुर्चीशेजारी असू द्या. कोणी विचारलंच, तर गॅसच्या कनेक्शनसकट किती सांगायचं, ते त्यांचं ते ठरवतील.